सुझाना डी. हार्डर

१

रायमरांच्या कारखान्यात सूर्यफुलाच्या बिया भाजायची भट्टी सकाळी सहाला पेटते आणि ती पेटवणारी सुश हार्डर पावणेसहाला हजर असते. एकवीस वर्षांत हे दोनदाच चुकलं होतं. एकदा तिचा नवरा गेला तेव्हा, आणि एकदा बर्फाने रस्ताच गिळला तेव्हा. म्हणून फेब्रुवारीतल्या त्या सोमवारी सव्वासहा वाजले तरी भट्टी थंड दिसली, तशी नेटामावशीने हातातला पाव खाली ठेवला आणि स्वतः बघायला गेली. कारखाना तिचा, जमीन तिची, आणि गावात बोलायचा पहिला हक्कही तिचाच.

सुश कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसली होती. अंगात कोट, पायांत बर्फाचे बूट, मांडीवर एक कागद.

"काय गं, मेलं कोण?"

"मीच मेले असं समजा, मावशी. वाचा हे."

आता नेटामावशीची शाळा सहावीत सुटलेली. बीट खुरपायला हात कमी पडले म्हणून बापाने तिला वर्गातून उचलून आणलं, ते कायमचंच. कागद तिला वाचता यायचा, पण एकेका अक्षरावर बोट ठेवून, आणि ते बोट कुणी पाहिलेलं तिला खपत नसे.

"चष्मा नाही आणलेला. तूच वाच," ती म्हणाली. चष्मा गळ्यात लोंबत होता. सुशने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

पत्र कामगारांची आरोग्य खाती सांभाळणाऱ्या विनिपेगच्या कचेरीचं होतं. तुम्ही पाठवलेलं डोळ्याच्या इंजेक्शनचं बिल परत करत आहोत. तुमच्या खात्यातली या वर्षाची सहा हजार डॉलरची रक्कम नऊ जानेवारीला तुमच्याच अर्जावरून चुकती केली आहे. शिल्लक शून्य.

"मी जानेवारीत अर्ज केलाच नाही, मावशी. पहिली सुईच मुळी महिनाअखेरीस टोचली. घरात होते नव्हते ते सगळे त्या बिलात भरले. म्हटलं, हे परत आले की त्यातून दुसरी." सुशने उजव्या डोळ्यावर तळहात दाबला. डाव्याने तिला आता नुसतं धुकं दिसायचं. उजव्याच्या पडद्यामागेही पाणी साचायला लागलं होतं. डॉक्टरने सांगितलं होतं की दर महिन्याला सुई, आणि एक जरी चुकली तर हाही गेला समज. दुसरी सुई याच गुरुवारी होती.

हे आरोग्य खातं कारखान्यात आलं ते चार वर्षांपूर्वी, जावयाच्या डोक्यातून. नेटामावशीच्या ग्रेटाचा नवरा विली म्हणाला होता, पगार वाढवाल तर त्यातला मोठा घास कर खाऊन जाईल. तेच पैसे या खात्यातून औषधपाण्याला दिले तर कामगाराला कर नाही, आणि कारखान्याला तो धंद्याचा खर्च. माणसाने आधी डॉक्टरला द्यायचे, पावती आणि सहीचा अर्ज विनिपेगला पाठवायचा, पैसे परत येतात. अकरा माणसांचे दात, चष्मे, गुडघे त्यावर चालले होते. आणि "माझा जावई" म्हणताना नेटामावशीची मान दोन बोटं वर जायची.

तिने पर्स उघडली. "गुरुवारचे किती?"

"नको, मावशी."

"फुकट नाही देत. फेड नंतर."

"तुमचे पैसे घेतले तर गाव म्हणेल, सुशने सहा हजार गिळले आणि वर मालकिणीकडून डोळेही करून घेतले. चोर म्हणून सुई नको मला. आंधळी बरी."

"चोर कोण म्हणतंय तुला?"

"मी म्हणतोय," दारातून आवाज आला.

२

कॉर्नी, नेटामावशीचा मुलगा. वय अठ्ठेचाळीस, पोट गोल आणि छाती भित्री. त्याच्या हातात दुसरंच पत्र होतं, कर कचेरीचं.

"सुश, तू जरा बाहेर जा," तो म्हणाला. सुश जागची हलली नाही, तेव्हा तिच्यासमोरच बोलला. "आई, चार वर्षांतले सगळे अर्ज खरे आहेत, असं मालकाने शुक्रवारपर्यंत लिहून द्यायचंय. एक जरी खोटा निघाला तर ते म्हणतील, हे आरोग्य खातं नव्हेच, हा लपवलेला पगार. अकरा जणांवर चार वर्षांचा कर, त्यावर दंड. निम्मे कामगार घरं विकतील."

"मग?"

"मग काय? खोटा अर्ज हिच्या नावाचा, हिच्या सहीचा. बुधवारी संध्याकाळी हिला कामावरून काढतो. शुक्रवारी कळवतो, दोषी माणूस काढला."

"आणि तिने केलं नसेल तर?"

"तर बुधवारपर्यंत दाखव कुणी केलं ते," कॉर्नी म्हणाला. आईला उत्तर दिल्याचं त्याचं त्यालाच इतकं नवल वाटलं की तो लगेच निघून गेला.

नेटामावशीने सुशला फोनपाशी बसवलं. कचेरीतली पोरगी गोड बोलत होती. बाई, आम्ही उपचार फक्त तुम्हालाच सांगू शकतो. सुशला डावीकडून कमी ऐकू यायचं म्हणून तिने आवाज मोठा केला. आणि बिया निवडणाऱ्या चार बायका दारापाशी उभ्या असताना फोन स्पष्ट बोलला, "चार भेटी, विनिपेगच्या स्त्रियांच्या दवाखान्यातल्या. अर्ज आणि पावत्यांच्या प्रती आत्ता पाठवते."

सुश त्रेपन्न वर्षांची. विधवा होऊन सहा वर्षं झालेली. चर्चमध्ये तिसऱ्या बाकावर बसणारी.

दुपारच्या जेवणापर्यंत चोरीचं कुणी बोलेना. सगळे दुसरंच बोलायला लागले. बियांच्या पट्ट्यापाशी कुणीतरी हळूच म्हणालं, "सहा वर्षं एकटी, नाही का?" आणि कुणीतरी हसलं. सुश भट्टीकडे तोंड करून उभी राहिली आणि त्या दिवशी तिने पाठ फिरवलीच नाही.

प्रती आल्या. कॉर्नीच्या बायकोच्या टेबलावरच्या यंत्रातून एकेक कागद बाहेर सरकला. अर्ज हाताने भरलेला होता, सुटी सुटी मोठी अक्षरं. या वेळी मात्र नेटामावशीने चष्मा लावला, बोट ठेवलं, आणि सहीपाशी बोट थांबलं.

"सुश," ती म्हणाली, "ही बाई तू नाहीस."

३

"एका अक्षरावरून?" कॉर्नी म्हणाला.

"तुझं शिक्षण बारावी, माझं सहावी. तरी मीच शिकवू का तुला?" नेटामावशीने कागद त्याच्या नाकाखाली धरला. "काय लिहिलंय? सुझाना डी. हार्डर. डी कशाचा?"

आयखनहाइम गावात चारशे घरं आणि आडनावं सगळी मिळून चौदा. बायबलमधली नावं घेऊन घेऊन संपली की तीच पुन्हा. म्हणून जुन्या माणसांनी सोय केली. पोराच्या नावात मधलं अक्षर आईच्या माहेरचं, आणि बाई लग्न होऊन आली की तिच्या नावात तिच्या स्वतःच्या माहेरचं. टपालवाला त्या अक्षरावरच पत्रं वाटतो. गावात सुझाना हार्डर तीन आहेत. पेनरांकडची पी., डोर्कसेनांकडची डी., आणि ही आपली वीबांकडची, म्हणजे डब्ल्यू.

"सुशने आयुष्यात कधी डी. लिहिलेलं नाही. स्वतःचं माहेर कोण विसरतं?"

"मग ती डोर्कसेनांकडची असेल. तिनेच अर्ज केला असेल."

हे नेटामावशीलाही सुचलं होतं. तिने गाडी काढली आणि वृद्धाश्रम गाठला. डोर्कसेनांकडची सुझाना अठ्ठ्याऐंशी वर्षांची, खिडकीशी खुर्चीत. नर्स तिला चमच्याने रव्याची लापशी भरवत होती.

"सही करते का ही?" नेटामावशीने विचारलं.

"चार वर्षं झाली, चमचासुद्धा धरत नाही," नर्स म्हणाली.

म्हातारीने नेटामावशीकडे बघून गोड हसत विचारलं, "तू माझी कोण गं?"

"कुणी नाही, बाई. जेव तू."

गाडीत बसल्यावर नेटामावशीला पहिल्यांदा भीती वाटली. म्हणजे हे अक्षर चुकून पडलेलं होतं, आणि चुकणारा माणूस कारखान्याच्या आसपासचा होता. अर्जावर सुशचा कामगार नंबर बरोबर होता. पैसे जमा झाले ते बँकेचं खातं मात्र कुणाचं ते बँक सांगायला तयार नव्हती. तो नंबर माहीत असणारे तिघंच होते. कॉर्नी, अर्ज भरून देणारी सून मेरेडिथ, आणि वर्षाचा हिशेब करणारा विली. विलीचं नाव तिने मनातल्या मनात मोजलंही नाही. उरले दोन. मुलगा की सून, यात नेटामावशीला निवड करायला वेळ लागत नसे.

४

मेरेडिथ विनिपेगची. नखं रंगवते, चर्चमध्ये गाणी म्हणताना नुसते ओठ हलवते. अकरा वर्षं झाली, तीन मुलं झाली, तरी नेटामावशी तिची ओळख "कॉर्नीने आणलेली" अशीच करून द्यायची.

"बस," नेटामावशी म्हणाली.

"माझीच खोली आहे, आई. तुम्ही बसा."

नेटामावशी उभीच राहिली. "कामगारांचे अर्ज कोण भरतं?"

"मी. संगणकावर. हा कुणी हाताने भरलाय." मेरेडिथने कपाट उघडलं आणि चार वर्षांच्या प्रती टेबलावर मांडल्या. "आणि हे बघा. अर्जावर मधल्या अक्षराला एक चौकोन असतो. मी एकाचाही भरत नाही. सगळे रिकामे. का, विचारा."

"का?"

"कारण तुमची अक्षरं मला आजतागायत कळलेली नाहीत! कुणाची आई कुठली, कुणाची आत्या कुठली. एकदा विचारलं तर तुम्ही म्हणालात, जन्मायला लागतं इथे. मग नाही शिकले. खोटा अर्ज मी भरला असता तर तो चौकोन रिकामा राहिला असता."

नेटामावशीने प्रती चाळल्या. खरंच सगळे चौकोन रिकामे होते. असं सरळ, स्वच्छ उत्तर सुनेकडून मिळालेलं तिला आवडलं नाही. पण उत्तर ते उत्तर.

"कॉर्नीनेही नाही केलं," मेरेडिथ पुढे म्हणाली. "तो इथेच वाढला. सुशच्या पगाराच्या पाकिटावर वीस वर्षं डब्ल्यू लिहितोय. झोपेतही डी लिहिणार नाही."

"नवऱ्याची बाजू घेतेस?"

"तुमच्या मुलाची घेतेय. तुम्ही कधी घेत नाही, म्हणून." तिने पावत्या पुढे सरकवल्या. आवाज खाली आला. "आई, या बघितल्यात का? पावत्या खोट्या नाहीत. नावावर पांढरी शाई लावून वर सुशचं नाव घातलंय, इतकंच. म्हणजे कुणीतरी बाई तिथे खरोखर चारदा जाऊन आली. हा दवाखाना मला माहीत आहे. माझी बहीण जायची. मूल राहत नाही म्हणून जातात तिथे."

नेटामावशीच्या डोक्यात एक दार उघडलं. तिने ते लगेच लावून घेतलं.

"कुणालाही असेल," ती म्हणाली.

"असेल," मेरेडिथ म्हणाली, आणि सासूकडे बघायचं तिने टाळलं. अकरा वर्षांत तिने सासूवर केलेली ती पहिली दया होती, आणि नेटामावशीला ती थपडेसारखी लागली.

५

बुधवार उजाडला. कॉर्नीने सुशचं काढल्याचं पत्र टाइप करून खिशात ठेवलं होतं. खिशातून त्याचं टोक दिसत होतं. सुश भट्टीपाशी होती. कढईतली बिया ढवळायची एक फळी बाहेर आली होती, ती तिला दिसली नाही आणि मनगट भाजलं. तिने बर्फ लावला नाही, कुणाला सांगितलंही नाही.

"गुरुवारचं काय ठरवलंस?" नेटामावशीने विचारलं.

"रद्द केलं."

"डोळा जाईल गं!"

"नाव गेलं, मावशी. डोळा ठेवून त्यातून बघायचं काय?"

नेटामावशी तशीच विलीकडे गेली. तिला वाटलं, करातलं त्याला कळतं, काहीतरी वाट काढेल. निदान मनात जे आलंय ते खोटं तरी ठरवेल. त्याची कचेरी मुख्य रस्त्यावर, टपालाच्या शेजारी. काचेवर सोनेरी अक्षरं. अठरा वर्षं ती त्या काचेसमोरून मिरवत गेली होती, पण दोन दिवस नुसती मधली अक्षरं शोधून तिच्या बोटाला सवय लागली होती. बोट काचेवर टेकलं. विल्हेल्म. जे. गीसब्रेख्त.

विलीने उठून तिचा कोट घेतला, कॉफी ओतली, साखर दोन चमचे, तिला लागते तशी. सगळं ऐकून घेतलं.

"कॉर्नी बरोबर म्हणतोय, आई," तो म्हणाला. "सुशला काढा. कर कचेरीला एक नाव मिळालं की त्यांचं समाधान होतं. मग तुमचं खातं वाचेल."

नेटामावशीने कप खाली ठेवला. हा तोच विली होता, जो उंदराच्या सापळ्यातला उंदीर शेतात नेऊन सोडायचा.

"विली, तुझी आई कुणाची रे?"

"नोइडॉर्फांची. का?"

"मग काचेवर जे कुठला? एन हवा."

विली हसला. "याकोबचा, लिहिताना तो जे ना. बाबांचा. आमच्याकडे सस्कॅचवान प्रांतातल्या गावांत बापाच्या नावाचं अक्षर लावतात. लग्नात तुम्हीच केवढं भांडला होतात यावरून."

"आणि पोरीचं लग्न झालं की?"

"तरी बापाचंच. बाप काय लग्नाने बदलतो?"

"खरंय," नेटामावशी म्हणाली. "आपल्या सुशचा बाप कोण होता रे? नाव आठवेना."

"डीट्..." विली म्हणाला.

आणि अर्धं नाव तोंडात तसंच राहिलं.

६

"डीट्रिख," नेटामावशीने नाव पुरं केलं. "डीट्रिख वीब. दहा वर्षं त्याचा कर तूच भरत होतास. म्हातारा तुला टरबुजं आणून द्यायचा."

विलीने आपला कप बाजूला सारला.

"मी शिकलेली नाही. पण मोजता येतं मला. सुशने स्वतःचं माहेर चुकवलं नसतं. कॉर्नीने डब्ल्यू लिहिला असता. मेरेडिथने चौकोन रिकामा सोडला असता. डोर्कसेनांकडची म्हातारी चमचा धरत नाही. डी लिहिणारा हात एकच उरतो. ज्याच्या घरात नावाच्या मधोमध बाप बसतो, ज्याला सुशचा बाप पाठ आहे, आणि ज्याला रिकामा चौकोन बघवत नाही." तिचा आवाज चिरकला, तसा तिने तो कडक केला. "काखेत कळसा घेऊन गावभर हिंडले रे मी. सुनेच्या तोंडावर आळ घेऊन गेले."

"मार्चपर्यंत परत भरणार होतो," विली म्हणाला. तो आता टेबलाकडे बघत होता. "तिचं खातं दरवर्षी अर्धंअधिक पडून असायचं. चूक झाली असं कळवून पैसे परत पाठवले असते, कुणाला कळलंही नसतं. तिच्या डोळ्यांचं मला माहीत नव्हतं, आई. देवाशपथ. कळलं तेव्हा उशीर झाला होता."

"माझ्याकडे का नाही मागितलेस? सहा हजार मी देऊ शकत नव्हते?"

विलीने मान वर केली. "दिले असते. आणि मग दर रविवारी चहाला बोलला असता. गेल्या नाताळात बारा माणसांसमोर काय म्हणालात? ग्रेटाच्या घरात घड्याळाचाच काय तो आवाज. ती हसली तुमच्यासमोर. घरी येऊन न्हाणीघरात दोन तास बसली होती. मी दाराबाहेर जमिनीवर बसून होतो."

नेटामावशीला ते वाक्य आठवत होतं. त्यावर सगळे हसले होते. तेही आठवत होतं.

"ती कितव्यांदा गेली?" तिने विचारलं.

"चौथ्यांदा. त्या चार भेटींतच आमचं सगळं संपलं होतं, पुढच्या उपचाराला कर्ज मिळेना. आणि या वेळी..." विलीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "सात आठवडे झालेत, आई. डॉक्टर म्हणाले, तिला धक्का बसेल असं काही नको. तिला पैशांचं काही माहीत नाही. मी तिला सांगितलं, बँकेने दिले."

बाहेर बर्फ फोडणारी गाडी खडखडत गेली. तिच्या एका हातात सुशचा डोळा होता आणि दुसऱ्या हातात अजून शेंगदाण्याएवढंही नसलेलं नातवंड.

"तीनची कॉफी," उठून ती म्हणाली. "सगळे असतील. तू यायचंस आणि उभं राहून सांगायचंस. मग सगळं लिहून द्यायचं, तो कागद कॉर्नीच्या उत्तरासोबत कर कचेरीला जाईल. सहा हजार आज परत जातील, ते मी भरते, तू मला फेड."

"माझा परवाना जाईल."

"जाऊ दे."

"आणि ग्रेटा?"

"तिला मी सांगते. गावाने सांगायच्या आधी."

७

ग्रेटाने दार उघडलं. पोटावर हात नव्हता. तो हात कुणाला दिसू नये म्हणून तिने तो पाठीमागे धरला होता, आणि नेमकं तेच नेटामावशीला दिसलं. ती आत गेली नाही. उंबऱ्यावर उभी राहूनच तिने सगळं सांगितलं, एकही विशेषण न लावता. तिला वाटलं, पोरगी कोसळेल. तिने दोन्ही हात पुढे करून ठेवले होते.

ग्रेटा कोसळली नाही. पांढरी पडली आणि दाराची चौकट धरली.

"सुशच्या नावावर लिहिलं त्याने? सुशच्या?"

"हो."

"आणि बायका तिच्याबद्दल काय काय बोलतायत ते मी काल दुकानात ऐकलं. मीपण ऐकून घेतलं, आई. गप्प राहून." तिने डोळे मिटले, मग उघडले. "त्याला सांगू दे. सगळं. दवाखाना माझा होता, हेपण. तो सुशच्या नावावर एक दिवससुद्धा राहायला नको."

"गावाला कळेल गं. आणि मग जर..."

"मग जर राहिलं नाही, तर तेही गावाला कळेल. हो." ग्रेटाने चौकटीवरचा हात काढला. "एकच कर माझ्यासाठी. तिथे तू तोंड उघडू नकोस. माझी बाजू घेऊ नकोस, त्याला झोडू नकोस, देवाचं काही म्हणू नकोस. एक शब्द नाही. जमेल?"

"जमेल," नेटामावशी म्हणाली. ग्रेटाने दार लावलं. आपटलं नाही, नुसतं लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

तीन वाजता जेवणाच्या लांब टेबलाभोवती अकरा माणसं बसली होती. प्लमचा मुरंबा, पाव, कॉफी. विली टोपी हातात घेऊन उभा राहिला आणि त्याने सांगितलं. अर्ज त्याने भरला. सही त्याने केली. दवाखाना त्याच्या बायकोचा. सुश हार्डरने काहीही केलेलं नाही, तिला काही ठाऊकही नव्हतं. मग तो कागद त्याने सगळ्यांसमोर सही करून कॉर्नीच्या पुढ्यात ठेवला. हाताला घाम होता, शाई थोडी पसरली.

कॉर्नीने खिशातलं पत्र काढलं, चार तुकडे केले, आणि ते कुठे टाकायचे हे न सुचून हातातच धरून बसला. मेरेडिथने विनिपेगला फोन लावला होता. ती दारातून म्हणाली, "कबुलीची प्रत मिळाली की सुशचं खातं पुन्हा उघडतायत. उद्याची वेळ मी परत घेतलीय. साडेनऊ."

कालपर्यंत हसणाऱ्या बायका आता आपापल्या कपात बघत होत्या. सगळ्यांना वाटलं सुश रडेल, किंवा थुंकेल. ती उठली. भाजलेल्या हाताने तिने पाव उचलला, मुरंबा लावला, आणि बराच वेळ विलीकडे बघत राहिली. तिला तो नीट दिसत नव्हता, म्हणून ती दोन पावलं जवळ गेली.

"ग्रेटा जेवते का नीट?" तिने विचारलं.

"नाही," विली म्हणाला. "काहीच पोटात टिकत नाही."

"सकाळी उठायच्या आधी कोरडा पाव चावायचा, अंथरुणातच. सांग तिला. आणि तुला मी माफ केलेलं नाही, तेही सांग."

मग ती नेटामावशीकडे वळली. नेटामावशी टेबलाच्या टोकाशी ताठ उभी होती, ओठ आवळून. तासाभरात तिच्या तोंडून एक अक्षर बाहेर पडलं नव्हतं, आणि सगळं टेबल चोरून त्याचंच नवल करत होतं.

"उद्या सातला निघायचं, मावशी."

नेटामावशीने गाडीच्या किल्ल्या काढल्या.

"तुम्ही नको," सुश म्हणाली. "मेरेडिथ नेईल. गप्प चालवणारं माणूस हवंय मला."

नेटामावशीच्या जिभेवर चार उत्तरं आली, एकाहून एक धारदार. तिने किल्ल्या टेबलावरून सुनेकडे सरकवल्या, आणि चारही गिळली.